मंडळी जेवली का

शेवटच्या साध्या दिवशी बाबांनी अंडं पुरतं खाल्लं. पांढरं, पिवळं, कडेला जरासं करपलं होतं तेसुद्धा. खाणाऱ्याकडे टक लावून बघू नये असा त्यांचा नियम होता; जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेले बाबा म्हणायचे, दार लागतंय का हे बघत उभं राहिलं की लिफ्ट हमखास अडकते. म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होते आणि ताटलीवर काटा वाजतोय ना, एवढंच ऐकत होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं. ऊन अजून भिंतीच्या वरच्या अर्ध्यातच होतं. काटा थांबला, पुन्हा वाजला, मग ताटली सरकवल्याचा आवाज आला आणि बाबा म्हणाले, "आचारी, बिल आणा." मी वळून पाहिलं तर ताटली लख्ख. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं.

कर्करोगामुळे त्यांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला होता. राहिलेला कोपरा सर्जनने आतड्याला जोडून दिला होता. बाबा म्हणायचे, गोदाम गेलं, आता नुसता जिना उरलाय. माल आला की सरळ खाली. त्यामुळे एका वेळी मूठभरच खायचं, पण दिवसभर खात राहायचं. घरात सदान्‌कदा काहीतरी शिजत असायचं. सूप, उकडलेला मासा, दुधात भिजवलेला पाव, सफरचंद वाफवून. मला तोवर स्वयंपाक यायचा नाही म्हटलं तरी चालेल. एकटीचा स्वयंपाक म्हणजे पुस्तक एका हातात आणि चमचा दुसऱ्या हातात. त्या वर्षात मी शिकले. सूप गाळताना भांड्याच्या कडेला जो पातळ थर राहतो तो बोटाने पुसून चाखायला शिकले. मीठ कमी आहे हे वासावरून ओळखायला शिकले. आणि ही कला मी नव्याने शिकत होते असंही नाही, कारण नोकरीतही मी दुसरं काही करत नव्हते. मी पेशींना जेवू घालते. माझ्या कामाचं याहून खरं वर्णन मला येत नाही.

आमची प्रयोगशाळा एका संशोधन संस्थेच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. तिथे चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत, शरीराच्या उबेएवढ्या उबदार कपाटात, जठराच्या कर्करोगाच्या पेशी वाढतात. कुणा एका माणसाच्या पोटातून त्या कधीतरी काढल्या गेल्या. तो माणूस केव्हाच गेला, त्या आहेत. त्यांना गुलाबी रंगाचं एक द्रव द्यावं लागतं. पेशी ते खातात, त्यातच आपलं उष्टंखरकटं सोडतात, आणि गुलाबी हळूहळू नारिंगी होतं, मग पिवळं. पिवळं झालं की जुनं काढायचं, नवं घालायचं. सुट्टी असो, संप असो, कुणाचं लग्न असो. हे द्रव तयार विकत मिळतं, पण मला ते हाताने करावं लागतं, कारण माझा प्रश्नच त्यातल्या एकेका जिनसेबद्दल आहे. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्या विटा, अमिनो आम्लं, मी वेगवेगळ्या वजन करून घालते. एखादी कमी घालते. एखादी मुळीच घालत नाही. मग कर्करोगाच्या पेशींशेजारी, रक्तातून वेगळ्या केलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी सोडते आणि काय होतं ते बघते. जे होतं ते बघायला बरं वाटत नाही. कर्करोगाची पेशी हावरट असते. ट्रिप्टोफॅन, आर्जिनिन, मेथिओनिन, जे समोर येईल ते ओढून घेते. पहारेकरी पेशींना त्याच विटा लागतात, आणि त्यांच्या वाट्याला ताटाची चाटून-पुसून गेलेली कड येते. वर ट्रिप्टोफॅन खाऊन ती जे टाकते त्याने पहारेकरी आणखीच सुस्तावतात. ते मरत नाहीत. शत्रूला ओळखतातसुद्धा. त्याच्या मांडीला मांडी लावून नुसते बसून राहतात.

बाबांना आजार झाला त्याच्या आधीपासून मी यातच होते. लोकांना या योगायोगात काहीतरी गूढ दिसायचं. माझ्याशी बोलताना ते आवाज खाली आणायचे. बाबांना मात्र हसू यायचं. "तू बाहेर पाळत होतीस, मी घरात," ते म्हणायचे. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं की माझ्या बाटल्यांतून त्यांच्यासाठी काही निघणार नाही. मी आज जे बघते आहे त्याचं औषध झालंच तर ते पुढच्या पिढीला. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, बरं, पण रोज काय करतेस ते तरी सांगशील? त्या प्रश्नाने मी गडबडले. इतकी वर्षं नोकरी करत होते आणि घरच्या माणसाने हे कधी विचारलं नव्हतं. दोष कुणाचा नव्हता. बाबा लिफ्टची देखभाल करायचे, आणि लहानपणी आम्हां भावंडांच्या दृष्टीने बाबा म्हणजे फोन वाजला की उठून जाणारा माणूस. शहरात कुठे ना कुठे, दोन मजल्यांच्या मधोमध, कुणीतरी नेहमी अडकलेलं असायचं. आम्ही दोघं जेवायला बसायचो, आई वाढायची आणि बाबांची खुर्ची दुसऱ्यांच्या इमारतीत असायची. माणसं वर गेली तर श्रेय त्यांचं, अडकली तर दोष माझा, असं ते म्हणत, आणि आईच्या कपाळावरची आठी तेवढ्यापुरती मोडायची. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. मग दादा परगावी गेला, मी वसतिगृहांत आणि पुस्तकांत गेले, आणि बाबा एकटेच लिफ्टच्या शाफ्टमधून वर-खाली करत राहिले. आम्ही एकमेकांना आवडत होतो, पण सवय नव्हती.

आजाराने ती सवय लावली; ऑपरेशननंतर मी बाबांच्या घरी राहायला आले. मी संध्याकाळी दार उघडायचे आणि बूट काढायच्या आधी आतून आवाज यायचा, "मंडळी जेवली का?" मंडळी म्हणजे माझ्या पेशी. त्यांनी त्यांना कधी नमुने म्हटलं नाही, कल्चर म्हटलं नाही. काल पिवळे पडले होते त्यांना भूक लागली होती का, की पोट बिघडलं होतं? ज्यांना मेथिओनिन दिलं नाहीस ते रुसले का? मी हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसायचे आणि सांगायचे. आधी थोडक्यात, मग जरा सविस्तर, मग एखाद्या वेळी पाठकोऱ्या कागदावर चित्रं काढून. सभांमध्ये मी हेच काम मोठमोठ्या पडद्यावर दाखवलं आहे, पण त्यांच्याइतकं नीट कुणी ऐकलं नाही. ते डोळे मिटून ऐकायचे, आणि मला वाटायचं झोपले, तेवढ्यात म्हणायचे, "म्हणजे लिफ्टच्या दारात एक जाडा उभा राहिलाय, आणि मागच्यांना चढताच येत नाही." मी म्हणाले, तसंच. मला तो दाखला इतका आवडला की मी तो आमच्या बाईंनाही ऐकवला. बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्या कधी हसत नाहीत, तेव्हाही नाकातल्या नाकात हसल्या.

पण त्या जाड्याने घोळ घातला. मधल्या काळात, औषधांची एक फेरी संपून दुसरी सुरू व्हायच्या बेतात, बाबांचं वजन झपाट्याने उतरू लागलं. खाणं तर मी समोर ठेवत होते आणि ताटल्या रिकाम्या होत होत्या. डॉक्टर म्हणाले, अंगी लागत नसेल. मी रक्ताच्या चाचण्यांत कारण शोधत राहिले, शोधनिबंध काढून वाचत राहिले. आणि एका सकाळी व्हरांड्यात ठेवलेल्या त्यांच्या जुन्या हत्यारांच्या पिशवीतून वास आला. आत पान्यांच्या आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मधोमध, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, उकडलेली अंडी होती. माशाचे तुकडे होते. एका बरणीत चक्क दूध, फाटलेलं. फिरायला जाताना ते टाकून द्यायचे, आणि त्या आठवड्यात पायांत गोळे येत होते म्हणून फिरणं झालं नव्हतं. मी ती पिशवी उघडी तशीच त्यांच्या पायाशी नेऊन ठेवली. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चोर सापडला," ते म्हणाले. मी हसले नाही. त्यांनी सांगितलं ते सगळं माझ्याच शब्दांत होतं. अंड्यात मेथिओनिन, दुधात ट्रिप्टोफॅन. हावरटाला तेच लागतं. तू बाटलीत ते घालत नाहीस तेव्हा त्याची वाढ खुंटते, हे तूच म्हणालीस. "मी म्हटलं, जाड्या दारातून हलत नसेल तर लिफ्टच बंद करून टाकू."

मला राग आला होता आणि रागाच्या तळाशी दुसरंच काही होतं, ज्याला मी त्या वेळी हात लावला नाही. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. मी विचारलं, "आणि आत अडकलेत त्यांचं काय?"

त्यांनी पायाने पिशवी जरा बाजूला सरकवली.

मग मी त्यांना बाटली आणि माणूस यांतला फरक सांगितला. बाटलीला स्वतःचं मांस नसतं. तिच्यात मी जे घालणार नाही ते तिथे नसतंच. शरीराचं तसं नाही; बाहेरून आलं नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडायला काढतं, आणि त्या विटा रक्तातून सगळीकडे जातात, आणि सगळ्यात आधी कुणाकडे जातात ते त्यांना ठाऊकच होतं. पहारेकरी शेवटी जेवतात. तुम्ही उपाशी राहिलात तर तेच आधी झोपतात. बाबांनी आपल्या मांडीवर हात ठेवला. एके काळी ती मांडी शाफ्टच्या लोखंडी शिडीवर भराभर चढायची. आता पायजम्यात नुसती काठी होती. "म्हणजे मी माझाच पाय कापून त्याला वाढत होतो," ते शेवटी म्हणाले, अगदी साध्या आवाजात, चुकीचा फ्यूज बसवल्यासारखं. आणि मग, "अंडं आहे का एखादं?" मी उठले. अंडं उकळायला ठेवलं. हे असं चुकणं फक्त आम्हां दोघांनाच जमलं असतं. ज्याची मुलगी वजनकाट्यावर अमिनो आम्लं मोजत नाही, त्या बापाला आजाराला उपाशी मारायची युक्ती सुचणारच नाही. आणि ज्या बापाने जन्मभर यंत्रं बंद करून दुरुस्त केली नाहीत, तो ती इतक्या शिस्तीने अमलात आणणार नाही.

तेव्हापासून ते खाऊ लागले. गेलेलं वजन परत आलं नाही, पण उतरायचं थांबलं, पायांत थोडा जोर आला, जिन्यापर्यंत जाऊन यायचे. आजार पुढे पोटाच्या पडद्यावर पसरला आणि डॉक्टरांनी नव्या औषधाचा विषय काढणं बंद केलं, तरीही ते खात राहिले. एकदा मी विचारलं, आता कशासाठी एवढं मन लावून खाताय? म्हणाले, "तुझ्या पहारेकऱ्यांना जाग आली आणि पोटात काही नसलं तर, नाचक्की कुणाची?"

तर शेवटच्या साध्या दिवशी त्यांनी अंडं पुरतं खाल्लं आणि मी कामाला गेले. त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या माझ्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांमध्ये मी कित्येक महिने वाट पाहत होते ते घडलं. सुस्तावलेल्या पहारेकऱ्यांना मी आर्जिनिन परत दिलं होतं, भरपूर, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ते एकेकटे पडलेले नव्हते, त्यांचे घोळके झाले होते. जागे झाल्यावरच ते असे एकत्र येतात. मी भिंगावरून डोळा उचलला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. घोळके तिथेच. बाईंना बोलावलं. त्या वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पुन्हा करून बघ, तिसऱ्यांदा करून बघ, मग बोलू. त्यांच्या भाषेत हा जल्लोष होता. मी त्या दिवशी लवकर निघाले. रस्त्यात एका दुकानाच्या काचेत मला एक बाई भरभर चालताना दिसली, चेहऱ्यावर हसू, आणि ती मी आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. दार उघडलं, आतून प्रश्न आला, आणि मी बुटांसकट आत जाऊन म्हणाले, "जेवली, आणि उठून बसली." बाबा खुर्चीत सरसावले. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी हात पुढे केला, आणि आम्ही दोन कारागिरांसारखं हस्तांदोलन केलं. त्यांचा तळवा कोरडा होता, हलका, आणि ग्रीसचा वास त्याला इतक्या वर्षांनीही होता, किंवा मला तसं वाटलं.

संध्याकाळी सूप झाल्यावर मी दिव्याखाली वाचत होते आणि ते वर्तमानपत्राची तीच घडी पुन्हा पुन्हा उलटत होते. मध्येच म्हणाले, "कंटाळत असशील गं तू." मी पानावर बोट ठेवलं. मी विचारलं, "कशाला?" ते म्हणाले, "नाही, तुझ्या वयाच्या बायका..." आणि पुढे त्यांना काही सुचलं नाही, कारण माझ्या वयाच्या बायका काय करतात याची आम्हां दोघांनाही कल्पना नव्हती. "मी नाही कंटाळत," मी म्हणाले. त्यांनी हं केलं. खरं उत्तर वेगळं होतं, मोठं होतं, ओठापर्यंत आलंही होतं. पण मरायला टेकलेल्या माणसासमोर ते उच्चारणं मला भलतंच वाटलं, म्हणून मी पान उलटलं.

दुसऱ्या सकाळी मी पाणी उकळायला ठेवलं, त्यांना हाक मारली, आणि खुर्चीतून उत्तर आलं नाही. डॉक्टर म्हणाले, गुठळी असेल, फुफ्फुसात गेली असेल, क्षणाचं काम. चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती. मी पहिला फोन दादाला केला आणि दुसरा बाईंना. ताटल्यांना आज जेवण द्यायचं आहे, डावीकडच्या शेल्फवर, दुपारच्या आत. शेजारची मंडळी तोवर जमली होती आणि हा दुसरा फोन त्यांनी ऐकला. पुढे आत्याच्या कानावर गेला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तोंडाची तिखट आणि मनाची त्याहून तिखट. "पोरगी दगडाची आहे का सोन्याची, मला तरी कळत नाही," ती दादाला म्हणाली. मी चार पावलांवर होते.

त्याच आत्याने दोन-तीन दिवसांनी मला स्वयंपाकघरात एकटं गाठलं, माझं तोंड दोन्ही हातांत घेतलं, आणि डोळे भरून म्हणाली, "सुटलीस गं बाई." ती ते प्रेमाने म्हणाली, यात शंका नाही. तिने स्वतः सासू अंथरुणावर असताना काढलेली वर्षं त्या एका शब्दात होती. पण तो शब्द माझ्या अंगात काच जावी तसा गेला. मी मागे सरकून ओट्याला टेकले. सुटले? कशातून? आत्या गेली आणि मी ओट्यावरच्या सूपच्या भांड्याकडे बघत राहिले. घरात आता काही शिजत नव्हतं. लोक तयार जेवण आणत होते आणि मी ते खातही होते. भूक लागत होती, याचीही मला थोडी लाज वाटत होती. त्यानंतर तो शब्द वेगवेगळ्या कपड्यांत येत राहिला. किती सोसलंस. स्वतःकडे पाहिलं नाहीस. आता स्वतःसाठी जग. बाईंनी मला बोलावून, हवी तितकी रजा घे, म्हटलं. मी, नको, म्हटलं. तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जखम झाकते आहे. प्रत्येकाने आपापल्या मापाचं एक दुःख शिवून आणलं होतं आणि मी ते अंगावर घालून बघावं अशी त्यांची इच्छा होती. मला दुःख होतंच. पण ते त्या मापाचं नव्हतं. बाबा गेले, याचं ते होतं. वर्ष वाईट गेलं, याचं नव्हतं. वर्ष चांगलं गेलं होतं.

हे वाक्य मनात पहिल्यांदा पुरं झालं ते हुडसमोर, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटासमोर बसून, काचेआड हात घालून पेशींना जेवण देताना. मी पिपेट खाली ठेवलं. त्या वर्षात मी कुणीतरी वाट बघत असलेल्या घरी परत जात होते. माझ्या कामाबद्दल रोज विचारलं जात होतं. मी रात्री थकून, पोट भरून, शांत झोपत होते. सकाळी डोळे उघडले की आज त्यांना काय द्यायचं हा प्रश्न असायचा, आणि इतका स्पष्ट, इतका सुटण्यासारखा प्रश्न मला आयुष्यात पूर्वी पडला नव्हता. आणि हे सगळं बाबांच्या पोटात ते दुखणं वाढत होतं म्हणून. ते नसतं तर बाबा त्यांच्या घरी, मी माझ्या, महिन्यातून एकदा फोन, तब्येत बरी ना, हो बरी. मग मी काय केलं होतं? समोरच्या ताटलीत हावरट पेशी एकमेकींना चिकटून चकाकत होत्या. जे सुख मला मिळालं ते कुणाच्या वाट्याचं होतं? बाबा झिजत होते आणि मी भरत होते. एका ताटातले दोघं, एकाचं अंग उतरतंय, दुसऱ्याचं सुधारतंय, अशा दुसऱ्याला माझ्या शास्त्रात परजीवी म्हणतात. पिशवी सापडली त्या सकाळी रागाच्या तळाशी जे होतं ते हेच होतं. ते उपाशी राहून आपलं जाणं लवकर आणतायत याची भीती, आणि त्या भीतीत माझं वर्ष लवकर संपेल हीही. दिवसभर ते माझ्या मागे लागलं. पण संध्याकाळी, ताटल्या परत उबेत ठेवताना, मला त्यांचं खाणं आठवलं. काट्याचा आवाज. आचारी, बिल आणा. हस्तांदोलन. तेही त्या वर्षात भरत होते. अंगाने नाही. हावरट पेशी शेजाऱ्याला काही परत देत नाही, एवढं मी रोज बघते. आमच्याकडे देणं-घेणं चाललं होतं. मी इमारतीबाहेर आले तेव्हा हवा छान होती आणि मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी गेले.

दादा महिनाभर राहिला. त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, बाबांचे कपडे घड्या घालून बांधले, आणि एकाही जेवणाला धड जेवला नाही. परगावी असल्याने तो त्या वर्षात चार-पाच वेळाच येऊ शकला होता. त्याच्या मनाने त्याचा खटला कधीच त्याच्याविरुद्ध निकालात काढला होता, आणि माझ्या प्रत्येक कष्टाची तो नव्याने कल्पना करत होता. मी कपबशी उचलली तरी पुढे व्हायचा. आत्या म्हणाली, "याला कुणीतरी सांगा, बहिणीला ताप नाही आलेला." तो हसायचा आणि पुन्हा कप हातातून घ्यायचा. निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघंच स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो होतो. त्याच्यासमोर पाव होता, त्याचे तो तुकडे करत होता, तोंडात एकही टाकत नव्हता. तो म्हणाला, की त्याने सगळं ठरवलंय. मी त्याच्या शहरात यावं. तिथेही संशोधन संस्था आहेत. वहिनीशी बोललाय. हे घर, या खोल्या, इथे मी राहूच नये. इथे मी काय काय पाहिलंय याचा विचार करून त्याला झोप लागत नाही. "छोटी, तू आमचं सगळ्यांचं भोगलंस," तो म्हणाला. "आयुष्यभर मी हे विसरणार नाही." आणि पावाचा आणखी एक तुकडा मोडला.

मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या कानामागे केस पांढरे झाले होते, बाबांना जिथून सुरुवात झाली होती तिथूनच. मला दिसलं की मी आता गप्प राहिले तर तो हेच घेऊन जाईल. गाडीत, घरी, मुलांना सांगेल: तुमच्या आत्याने फार सोसलं. ते वर्ष त्याच्याकडे तसंच राहील, आजोबांच्या दुखण्याचं आणि आत्याच्या त्यागाचं, आणि काही वर्षांनी, माणसाची स्मरणशक्ती कशी असते, माझ्याकडेही तेच उरेल. बाबा त्यात नुसते आजारी असतील. हसणारे, चोरी पकडली गेलेले, डोळे मिटून आर्जिनिनबद्दल ऐकणारे बाबा त्यात कुठेच नसतील. आणि हा माझा भाऊ, माझ्या न झालेल्या हालांपायी, असाच पावाचे तुकडे करत बसेल. बोलायची भीती वाटत होती. कानाला ते कसं लागेल, त्याला काय वाटेल, हे सगळं होतंच. मी त्याच्या हातातला पाव काढून घेतला, आणि तो हात सोडला नाही.

"दादा, ऐक," मी म्हणाले. "मी भोगलं नाही. मी त्या वर्षात सुखात होते. बाबा आजारी होते आणि मी सुखात होते, दोन्ही एकाच वेळी, रोज. त्यांनाही मी हे सांगितलं नाही, त्यांनी विचारलं होतं तरी. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं वर्ष होतं."